दोन्ही टायरं पुढचीच

आमच्या बाजार समितीचे सभापती रंगराव मोहिते यांना कशातही मागं राहिलेलं खपायचं नाही. पंगतीत पहिलं पान त्यांचं, फोटोत मधली खुर्ची त्यांची. एकदा ते स्कूटरला नवी टायरं बसवायला दस्तगीरभाईच्या टपरीवर आले. टपरी समितीच्या जागेत, म्हणून भाई बिचारा दबूनच असायचा.

"दोन्ही टायरं पुढचीच बसव. माझ्या गाडीला मागचं टायर नको," सभापती म्हणाले. "जमत नसेल तर आजच टपरी उचल."

जमलेली माणसं हसू दाबत उभी राहिली. भाईनं सावकाश टायरं बसवली, हवा भरली, हात पुसले.

"घ्या साहेब, दोन्ही पुढचीच."

"मग हे मागं काय दिसतंय रे?"

"अजून कुठलंच टायर मागचं नाही, साहेब. बसल्यावर तुम्ही ज्याच्याकडं पाठ कराल, ते मागचं होईल. तेवढी पाठ कुणाकडं करू नका, म्हणजे झालं."

सभापती बसायला गेले नि थबकले. उलटं तोंड करून बसून पाहिलं. मग दोन्ही पाय एका बाजूला सोडून बसले, तर हँडल धड धरता येईना.

शेवटी त्यांनी गाडी ढकलतच घरी नेली. टपरी मात्र आहे तिथंच आहे, बाबांनो. हवा कमी वाटली तर जाऊन या.