बरणीतला कान

एक होती नदी. अलीकडे सिंहांचं राज्य, पलीकडे गव्यांचं आणि मधल्या बेटावर ऊस. बेट गव्यांच्या ताब्यात. ऊस लावायची माकडं, पण माकडांना विचारतो कोण!

केरबा गाढव तो ऊस चोरून अलीकडे आणायचा. एकदा गव्यांच्या चौकीदारानं त्याला पकडलं आणि डावा कान कापून पुढ्यात टाकला. "जा, दाखव तुझ्या राजाला!"

राजा म्हणाला, "बघू." सात वर्षं बघत होता. केरबाच्या बायकोला, सारजाला, काही टाकवत नसे. तिनं कान मिठात घालून लोणच्याच्या बरणीत ठेवला.

मग निवडणूक आली. राजा सिंहच व्हायचा, पण निवडून आलं की त्याला बरं वाटायचं. शिवाय प्रधान कोल्ह्याच्या भाऊबंदांना बेटावरचा ऊस हवा होता. प्रधानानं सारजाकडून बरणी मागवून घेतली आणि भर सभेत उंच धरली.

"बंधूंनो आणि भगिनींनो! हा केरबाचा कान नाही, हा राष्ट्राचा कान आहे! आज कान, उद्या मान!"

मेंढ्या तर हमसून हमसून रडल्या.

केरबा पुटपुटला, "साहेब, जखम कधीच भरली. मला एका कानानं चांगलं ऐकू येतं."

"राष्ट्राला येत नाही," प्रधान म्हणाला.

घरटी एक जण लढाईवर. केरबाचा एकुलता एक नाम्या निघाला, सारजानं दशम्या बांधून दिल्या. फौज निघायच्या आधीच विजयाची पदकं तयार होती: सिंह उभा, गवा गुडघ्यावर. मागाहून घाई नको!

बेटावर गव्यांच्या आधी डास भेटले. निम्मी फौज तापानं गेली, उरलेली गव्यांनी तुडवली. लगेच फर्मान निघालं: पदकावर आहे तेच घडलं आहे.

केरबा दरबारात गेला. "माझा नाम्या कुठंय?"

शिपायानं त्याच्या गळ्यात पदक अडकवलं.

"अहो, हे काय करू? पोरगं द्या माझं!"

"विजयात कुणी मरत नसतं, बाबा. येईल."

सारजा रोज दशम्या घेऊन घाटावर बसू लागली. अशी सात वर्षं गेली, पुन्हा निवडणूक आली. एका सकाळी प्रधान स्वतः दारात आला, हात जोडून. नाम्याची खबर आली म्हणून सारजा धावतच बाहेर आली.

"वहिनी," प्रधान हळूच म्हणाला, "कान आता जुना झाला. नाम्याचं काही परत आलंय का? बरणीत मावेल एवढं असलं तरी चालेल."