पहिली भाकर

“बालघरातली अनाथ मुलं किती?”

मोहरीलने तिसऱ्यांदा विचारलं. लेतू नाईकाने तिसऱ्यांदा चिलमीतली राख झटकली.

चावडीपुढचं अंगण रिकामं होतं. बालघराच्या दारात सतरा ताटल्या पालथ्या वाळत होत्या. ताटल्यांची धनी पोरं मात्र जीपचा आवाज कानी पडताच डोंगरात पसार झाली होती.

प्रफुल्ल मोहरील हा जिल्ह्याच्या गावचा सल्लागार. सरकारी मंजुरीचे प्रस्ताव लिहावेत तर त्यानेच. त्याचा एकही कागद आजवर परत आलेला नव्हता आणि हे तो चहा आणून देणाऱ्यालाही ऐकवत असे. कोलाम आदिवासींच्या या पोडावरच्या बालघराला मंजुरी मिळवून द्यायला एका संस्थेने त्याला धाडलं होतं. नाईक या पोडाचा, म्हणजे वस्तीचा, म्होरक्या.

“नाईकबाबा, उद्या दुपारच्या आत अर्ज गेला नाही, तर बालघर बंद. सोमवारी गाडी येईल आणि सगळी मुलं जिल्ह्याच्या बालगृहात जातील. यादीशिवाय अर्ज घेत नाहीत. नावं सांगा.”

“मागल्या बारीले बी यादीच मांगतली होती.”

“मग?”

“तीन नावं होती. गाडी आली, तिघायले घिऊन गेली. त्यातली आमची सोनेरी दोनदा पयून आली. दोनदा नेली...”

“आणि तिसऱ्यांदा?”

“नाही आली,” नाईक डोंगराकडे बघत म्हणाला.

ती यादी मोहरीलनेच केली होती. ऑफिसात बसून, संस्थेच्या माणसाला फोनवर नावं विचारून. अनाथांना मदतीचा तो प्रस्ताव मंजूर झाला तेव्हा त्याने पेढे वाटले होते. पोडाला पुन्हा विचारायचं मात्र राहून गेलं होतं. मदत पोडावर आली नव्हती, पोरंच मदतीकडे गेली होती.

म्हाताऱ्याला हे ठाऊक आहे का?... विचारायची त्याची छाती झाली नाही.

यादी द्यावी तर यादीतल्या पोरांना पुन्हा तीच गाडी. न द्यावी तर सगळ्यांनाच सोमवारची. इकडे आड, तिकडे विहीर.

“निदान मुलं तरी बघू द्या,” तो चाचरत म्हणाला.

“जीप धाडून द्या. जीप हाय तवर एक बी लेकरू उतरनार नाही.”

मोहरीलने ड्रायव्हरला दोन कोसांवरच्या डांबरी सडकेवर जाऊन थांबायला सांगितलं. जीपचा आवाज विरत गेला तसा त्याने खिशातून फोन काढला. रेंज नव्हती. ऊन डोंगराआड चाललं होतं.

मग झाडीतून एकेक डोकं वर आलं. पोरं उतरली. घराघरातून बाया भाकरीच्या टोपल्या घेऊन आल्या आणि सगळे चावडीपुढे पंगतीला बसले. एक पोरगा एकीच्या मांडीवर रेलला, पाणी दुसरीच्या तांब्यातून प्यायला आणि धपाटा खाल्ला तो तिसरीचा.

“त्याची आई कोणती?”

“आज थे,” नाईकाने एकीकडे, मग दुसरीकडे बोट केलं. “काल हे होती.”

“अहो, मग पोरकं कोण हे तुम्हाला कळतं तरी कसं?”

“पहिल्या भाकरीनं. आमच्या पोडात पहिली भाकर त्याले, ज्याच्या बाजूले आपलं कोनी नाही. लहान पोरगी वाढते. थे कोनाले इचारत नाही.”

मोहरीलला हायसं वाटलं. विचारायची गरजच उरली नाही! पोरगी थांबेल तिथलं नाव टिपायचं. त्याने अर्ज मांडीवर पसरला आणि पेनाचं टोपण काढलं.

पुढचे दोन दात पडलेली एक पोर उठली. दोन्ही हातांवर भाकर घेऊन ती पंगतीतून चालू लागली. रेललेल्या पोरापुढे ती जरा रेंगाळली. शेजारच्या बाईने त्याला आणखी जवळ ओढलं. पोर पुढे सरकली.

मोहरीलने पेन कागदावरून उचललं. नको, थांबू नकोस... तो मनातल्या मनात म्हणत होता. हे आपण का म्हणतोय, ते त्यालाही कळेना. प्रत्येक डोक्यापाशी त्याला सोनेरीची गाडी दिसत होती.

पोर पंगतीच्या शेवटापर्यंत गेली. कुठेच थांबली नाही.

मग ती वळली. सरळ त्याच्याकडे आली आणि भाकर तिने त्याच्या मांडीवरच्या अर्जावर ठेवली.

वाफेने कागद ओला झाला. मोहरीलने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. त्याच्या बाजूला कुणीच नव्हतं. जीपही नव्हती.

“बाबा...” तो ओल्या कागदाकडे बघत म्हणाला. “आता काय लिहू?”

नाईकाने त्याच्या हातातून गळलेलं पेन उचललं, धोतराला पुसलं आणि परत त्याच्या हातात दिलं.

“लिवा, सायेब. भेटलं तुमाले एक नाव... त्याले न्याले गाडी सोमवारी येईन.”