कांद्याच्या गावची भेळ

फार पूर्वीची नव्हे, पण प्रत्येकाच्या हाती मोबाइल यायच्या आधीची गोष्ट. एका कांद्याच्या गावात एक शाळा होती. घरोघरी कांदा साठवायच्या चाळी, त्यामुळे पोरांच्या दप्तरांनासुद्धा कांद्याचा वास यायचा. याच शाळेत शिकलेली एक मुलगी मोठी झाली आणि तिथेच बाई म्हणून रुजू झाली.

बाईंना आपल्या लहानपणचा दिवाळीच्या सुट्टीआधीचा शेवटचा दिवस चांगला आठवत होता. त्या दिवशी म्हातारे गुरुजी वर्गाच्या मधोमध एक भली मोठी परात मांडायचे. मुलांनी घरून मूठभर काहीतरी आणायचं, सगळं परातीत ओतायचं, की झाली भेळ. पण छोट्या बाईंच्या मनात तेव्हा वेगळीच हौस असायची. तालुक्याच्या शाळेत म्हणे प्रत्येकाला रंगीत कागदाचा खाऊचा डबा मिळतो. तसा एक डबा आपल्यालाही मिळावा, आपला एकटीचा! तो काही कधी मिळाला नाही.

म्हणून बाईंनी पहिल्याच वर्षी ठरवलं, आपल्याला नाही तर नाही, आपल्या पोरांना तो मिळालाच पाहिजे. हौसेला मोल नसतं. त्या तालुक्याला गेल्या आणि बत्तीस डबे घेऊन आल्या. सुट्टीआधीच्या शेवटच्या दिवशी खिडक्यांना फुगे बांधले, फळ्यावर रंगीत खडूने पणत्या काढल्या. आज वर्ग हसून हसून दणाणणार, अशी त्यांची खात्रीच होती.

मुलांनी डबे घेतले, मांडीवर ठेवले आणि ती हाताची घडी घालून बसली. झाकण कोणी उघडेना.

"अरे, बघत काय बसलात? खा ना!" बाई म्हणाल्या.

शेवटी पहिल्या बाकावरची एक चिमुरडी उभी राहिली. "बाई, घरी जाऊ का?"

"का गं? खाऊ आवडला नाही?"

"लई आवडला. पण माझा धाकटा भाऊ हाय ना घरी. त्याच्यासंगं खाईन."

एकतीस माना डोलल्या. कोणाच्या घरी धाकटी बहीण होती, कोणाच्या घरी आजी.

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. एवढी तयारी केली आणि समारंभ पाच मिनिटांत आटोपला! "इथंच उघडा, इथंच खा," असं त्यांच्या अगदी ओठांवर आलं होतं. बाईंचं ऐकून पोरांनी खाल्लंही असतं. पण हुकमाने खाल्लेल्या खाऊला चव कुठून येणार? बाईंनी शब्द गिळला आणि नजर वळवली. कपाटावर ती जुनी परात पडली होती, खडूंचे खोके आणि फाटके नकाशे पोटात घेऊन.

गुरुजी परातीशी बसून दरवर्षी काय म्हणायचे, ते त्यांना आठवलं. "पोरांनो, भेळ दप्तरातून नेता येत नाही. मऊ पडते. ती इथंच मिळून संपवायची."

"जा," बाई म्हणाल्या, "डबे घरी ठेवा. आणि येताना घरात असेल ते मूठभर घेऊन या. धाकट्यांनाही आणा."

पोरं धूम पळाली. बाईंनी परात खाली काढली, हापशावर नेऊन घासली आणि त्या पायरीवर वाट बघत बसल्या. दहा मिनिटं झाली, वीस झाली. एकदा शाळेतून सुटलेली पोरं परत येतात होय? एक फुगा फट्‌कन फुटला. आता उरलेले सोडून टाकावेत, असं म्हणत बाई जड मनाने उठल्या.

तेवढ्यात फाटकाशी गलका झाला. सगळ्यांत पुढे ती चिमुरडी, कडेवर भाऊ, हातात कांदा. तिच्या मागच्याच्या हातात कांदा. त्याच्या मागचीच्या हातात दोन कांदे. कांद्याच्या गावात दुसरं काय येणार? नशीब, वाण्याच्या मुलीने कुरमुरे आणले होते. कोणी शेंगदाणे आणले, कोणी चिंच, तर एकाने कागदाच्या पुडीत नुसतं मीठ.

"आता हे कांदे कापणार कोण?" पोरांनी विचारलं.

"गुरुजी कापायचे नाहीत, फोडायचे," बाई म्हणाल्या. त्यांनी पदर खोचला, फरशीवर कांदा ठेवला आणि दिली एक बुक्की! मग काय, पोरांच्या अंगात वारंच शिरलं. धपाधप बुक्क्या पडू लागल्या. सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा आणि तोंडं हसून दुखतायत. बाईही रडत होत्या. त्यातलं थोडं गुरुजींच्या आठवणीने होतं, हे त्यांनी लपवलंही नाही.

भेळ झाली. भेळ कसली, कुरमुऱ्याची फोडणी दिलेला कांदाच! पण परातीभोवती दाटीवाटीने बसून पोरांनी ती बोटं चाटत संपवली.

"बाई, पुढल्या वर्षी बी डबे देणार?" चिमुरडीने विचारलं.

"नाही गं. पुढच्या वर्षी नुसती परात."

"मंग मी कांदा नाही आणणार. समदेच आणतात."

पुढच्या वर्षी तिने कांदाच आणला, आणि बाकीच्यांनीही. आता ती पोरं मोठी झालीत, गावोगावी पांगलीत. त्या रंगीत डब्यात काय होतं, ते एकालाही सांगता येत नाही. पण कुठेही बुक्कीने कांदा फोडला, की त्यांना आपला वर्ग आठवतो.

तात्पर्य: खाऊ प्रत्येकाला वेगवेगळा वाटता येतो, मजा मात्र सगळ्यांनी मिळून एकाच परातीत कालवावी लागते.