पश्चिमेची भिंत

“...पण बाबा, लावू कोणती?”

देवतळे सरांनी हे तिसऱ्यांदा विचारलं.

अचलपूरच्या वेशीबाहेर करीमशाबाबा या फकिराची झोपडी. चैत्राचं ऊन भाजत होतं. पण टिनाच्या छपरावर तीन-चार वेली एकमेकींत अशा गुंतल्या होत्या की खाली माठाशेजारी बसल्यासारखं वाटे.

सर पस्तीस वर्षं कॉलेजात उष्णताशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. त्यांच्या घराची पश्चिमेची भिंत संध्याकाळी हात लावू देत नसे. तिच्यामागेच त्यांच्या पत्नीची, शालिनीबाईंची खोली.

“त्या भिंतीवर चढवायला वेल कोणती, याचा चार वर्षं अभ्यास करतोय.” सरांनी वही उघडली. “मधुमालती दाट, पण फार जड. कृष्णकमळावर सुरवंट. दोडका भराभर चढतो, पण वाळून जातो. भिंतीला चिकटणारी लावली तर पावसाळ्यात ओल...”

“बाई काय म्हणतात?”

“ती मुलीकडे गेली. दर उन्हाळ्यात जाते, मृगाला परत येते. या वेळी जाताना म्हणाली...”

“काय?”

“वेल चढली की कळवा. तोवर मी येत नाही.”

बाबा हसले. “शहाणी आहे.”

“म्हणून तर चूक नको. आता चुकलं तर आणखी एक वर्ष गेलं. माझ्यापाशी वर्षं फार नाहीत, बाबा.”



बाबांनी छपरावरून लोंबणारं एक कोवळं टोक खाली ओढलं.

“मास्तर, हात या खांबाला टेकव. बोट इथं धर. हलायचं नाही.”

“किती वेळ?”

बाबा चहाचे पेले धुवायला निघून गेले.

सर बसून राहिले. याचा अर्थ काय असावा? धीर धर, असा? की चार वर्षं नुसता बसून राहिलास, असा? दोन्ही अर्थ पटले, आणि दोन्ही एकाच वेळी खरे असणं शक्य नव्हतं. आपल्याला एव्हाना काहीतरी कळायला हवं होतं, असं त्यांना वाटत राहिलं.

पाऊण तासाने बोटाला गुदगुल्या झाल्या. दोऱ्याएवढ्या हिरव्या तंतूने बोटाला दीड वेढा घातला होता.

बाबा आले. हातात कांदा चिरायची सुरी.

“चल, सोडवतो तुला. बसची वेळ झाली.”

सुरी तंतूजवळ आली आणि सरांनी दुसरा हात मध्ये घातला.

“थांबा. कापू नका.”

“बस चुकेल.”

“चुकू द्या. आत्ताच कुठे धरलंय तिनं...”

त्यांनी पायाने एक काटकी जवळ ओढली. ती बोटालगत धरली. श्वास रोखून वेढा हळूहळू काटकीवर सरकवला, आणि काटकी आपल्या रुमालाने खांबाला बांधली.

मग त्यांना वहीची आठवण झाली.

“बाबा, माझा प्रश्न तसाच राहिला. लावू कोणती?”

“ही कोणती होती?”

सरांनी वर पाहिलं. सगळा गुंता. ते टोक कुठून आलं, ते सापडेना.

“...पाहिलं नाही.”

“मघाशी सुरीपुढे हात घातलास, तेव्हा नाही लागलं नाव.”