घरची हाक

एकदा एका डोंगराच्या पायथ्याशी वसलेल्या खेड्यात एक तरुण शिक्षक एकटाच राहत होता. शाळेची एकच खोली आणि तिच्या मागे त्याची राहण्याची जागा. गावकरी त्याला फार मान देत. वाटेत दिसला की बाजूला होत, दाराशी भाजी ठेवून "गुरुजी, ठेवली हो" म्हणत आणि तसेच परत फिरत. उंबऱ्याच्या आत येऊन घटकाभर कोणी टेकत नसे.

दिवस मावळला की घराघरांतून मुलांना बोलावणाऱ्या हाका ऐकू येत. एकेका हाकेसरशी पटांगणातले एकेक मूल पळून जाई आणि शेवटी पटांगण रिकामे होई. मग तो आत येऊन चूल पेटवी, दोन घास खाई आणि ताटली अगदी हळू पालथी घाली, जणू घरात कोणी झोपले आहे.

दरवर्षी शाळा सुरू होताना तो पालकांना बोलावून त्यांच्याकडून काय अपेक्षा आहेत ते सांगत असे. पालक माना डोलवत आणि उठून जात. पुढे वर्षभर काही बदलत नसे. यंदा त्याने मनाशी ठरवले होते, की सभा उरकली की आपल्या गुरूंची, आचार्यांची, अनुज्ञा घ्यायची आणि हे गाव सोडायचे. त्याचे आईवडील लहानपणीच गेले होते आणि तो आचार्यांच्या घरीच वाढला होता. म्हणून त्याने त्यांनाच सभेला बोलावून घेतले.

वृद्ध आचार्य सकाळीच आले. फळ्यावर शिष्याने सुवाच्य अक्षरांत नियम लिहून ठेवले होते. मुलांना वेळेवर पाठवावे, घरी पाठ म्हणून घ्यावेत, हजेरीला मुलाने 'ओ' द्यावी, न दिल्यास शिक्षा होईल. आचार्यांनी ते सावकाश वाचले आणि ते कोपऱ्यात जाऊन बसले.

पालक जमले, मुले बाहेर पटांगणात खेळत राहिली. पुढे गावचा व्यापारी बसला, कारण शाळेवरची कौले त्यानेच दिली होती. मधोमध कुंभारीण, आणि अगदी दाराशी, खांद्यावर घोंगडे टाकून एक मेंढपाळ.

शिक्षकाने नियम वाचून दाखवले. व्यापारी म्हणाला, "गुरुजी, आम्हाला काय विचारता? हाणा बिनधास्त! छडी मोडली तर दुसरी मी आणून देतो."

सगळे हसले. शिक्षक मात्र हसला नाही. तो मेंढपाळाकडे वळून म्हणाला, "तुमच्या हौसाचं काय करावं तेच कळत नाही. गेलं वर्षभर रोज नाव पुकारतोय, पण ती ओ देत नाही. मान खाली घालून बसते. इतका हट्ट बरा नव्हे."

मेंढपाळाने घोंगड्याचे टोक मुठीत धरले. व्यापारी म्हणाला, "मेंढरांत वाढलेली पोर, ती ओ कशाला देईल? बें करेल!"

पुन्हा हशा झाला. त्या हशातच आचार्य उठले, फळ्यापाशी गेले आणि आपल्या उपरण्याने त्यांनी सारे नियम पुसून टाकले.

शिष्य थक्क झाला. "आचार्य, हे काय केलंत?"

"नियम मागाहून लिहू," आचार्य म्हणाले. "आता प्रत्येकाने दाराशी जावं आणि घरी हाक मारता तशी आपल्या मुलाला हाक मारावी."

पालक एकमेकांकडे पाहू लागले. अखेर व्यापारीच उठला. "ए! इकडे ये!" तो गरजला. त्याचा मुलगा तत्काळ आला, पण बापाचा हात पोहोचणार नाही इतक्या अंतरावर थांबला. त्याचा तळवा आपोआप गालावर गेला.

"पाहा, कशी शिस्त आहे!" व्यापारी म्हणाला. या वेळी कोणी हसले नाही.

कुंभारणीने पदर सावरला. "अरे ए माकडा! ये की मेल्या, का आमंत्रण देऊ?" चिखलाने माखलेला मुलगा धावत आला आणि तिच्या कमरेला लटकला. "बघा हो, ध्यान नुसतं," ती ओशाळून म्हणाली. पण हात त्याच्या केसांतून फिरतच राहिला.

मेंढपाळ उठला. त्याने हाक मारलीच नाही. दोन बोटे ओठांशी नेऊन त्याने एक हळुवार शीळ घातली. चुकल्या कोकराला बोलवावे तशी ती शेवटी वर चढत गेली. पटांगणाच्या टोकाला एकटीच सागरगोटे खेळणारी हौसा खेळ टाकून उठली आणि वाऱ्यासारखी धावत येऊन घोंगड्याला बिलगली.

"काय रं बा? घरी जायचं?"

शिक्षकाने तिचा आवाज आज प्रथमच ऐकला.

मेंढपाळ खाली पाहत म्हणाला, "गुरुजी, पोर हट्टी नाही. हिला नावानं हिची आईच हाक मारायची. ती गेली. आता ते नाव घ्यायला गेलो की माझाच गळा दाटतो, म्हणून मी शीळ घालतो. नाव ऐकलं की हिला अजून वाटतं, आईच आली, आणि ती नसते म्हणून मान खाली घालते."

मग आचार्य म्हणाले, "मूल शाळेत येतं ते घरची हाक कानात घेऊन येतं. कानात दरडावणी असेल, तर शिक्षकाचा गोड शब्दही त्याला दरडावणीच वाटतो. म्हणून वर्षाच्या आरंभी आमची अपेक्षा एवढीच. सकाळी निघताना मुलाला एकदा अशी हाक मारा, की ते धावत येईल. पाठ आम्ही घेऊ, ती हाक आम्हाला मारता येत नाही."

सभा उठली. व्यापारी पुढे आणि मुलगा मागे, असे ते निघाले. विहिरीपाशी व्यापारी थांबला. मुलगा जवळ येईपर्यंत तो तसाच उभा राहिला.

सायंकाळी आचार्य निघाले तेव्हा शिष्याने धीर केला. "मी हे गाव सोडावं म्हणतो."

"का? कोणी दुखावलं?"

"नाही. दुखावण्याइतकंही कोणी जवळ येत नाही."

काठी टेकत आचार्य चालू लागले. गावातून हाकांना सुरुवात झाली होती. शिष्य दारात उभा राहून त्यांची पाठ पाहत होता. वळणावर ते थांबले, वळले आणि त्यांनी साद घातली, "मुकुंदाऽ!"

कोणाला बोलावत आहेत ते त्याला क्षणभर कळेना. मग कळले, आणि तो अनवाणीच धावत सुटला. धापा टाकत त्यांच्यासमोर उभा राहिला.

"काय, आचार्य?"

"काही नाही. अजून ऐकू येतं का, ते पाहिलं." त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "इथे तुझं नाव कोणाला ठाऊक आहे?"

त्याने नकारार्थी मान हलवली.

"मग ते बिचारे हाक कशी मारणार? तूही त्यांच्यापासून हातभर लांबच थांबलास ना!"

दुसऱ्या दिवशी त्याने हजेरीआधी मुलांना आपले नाव सांगितले. हौसाची पाळी आली तेव्हा त्याने दोन बोटे ओठांशी नेली. पण नुसती हवाच निघाली. वर्ग खदखदून हसला. हौसाने मान वर केली.

"तशी नाही, गुरुजी," ती म्हणाली. "जीभ मागं घ्या."

त्या सायंकाळी मुलांना बोलावणाऱ्या हाका संपल्या. पटांगण रिकामे झाले. तो आत वळणार तोच कुंपणापलीकडून कुंभारीण ओरडली, "मुकुंद गुरुजी! पोरगं सांगत होतं तुमचं नाव. कालवण जास्त झालंय, येताय का?"

त्याने ओ दिली.