नागाच्या फण्यावरची खूण

प्राण्यांच्या अंगावर अजून रंग चढायचे होते, त्या काळी रंगवण्याचं काम सरड्याकडे होतं. एकदा नाग आला आणि म्हणाला, "मला बिनविषारी धामणीसारखं रंगव. म्हणजे कुणी घाबरणार नाही."

"आणि तू चावलास तर?"

"चावणार मी. तू फक्त रंग द्यायचा. तुझा काय संबंध?"

"पाडस तुझ्याजवळ येईल, ते माझ्या रंगावर विश्वास ठेवून," सरडा म्हणाला आणि त्याने नागाच्या फण्यावर लांबूनही दिसेल अशी खूण काढली. नाग धुसफुसत निघून गेला.

पुढे एकदा तो उन्हात पडला असताना म्हशींचा कळप आला. त्याला तुडवूनच गेला असता, पण उभारलेल्या फण्यावरची खूण दिसली तसा वळसा घालून गेला.

कात टाकल्यावर नाग आपणहून सरड्याकडे आला.

"खूण पुसट झालीय," तो म्हणाला. "जरा ठळक कर."