मैनेची वाटी

एका राज्यात घरे होती डोंगरमाथ्यांवर आणि मधे खोल दऱ्या. शेजाऱ्याला शेजारी दिसे, पण हाक पोहोचत नसे. म्हणून मंदारिका नावाच्या जादूगारणीने बोलक्या मैना घडवल्या. मैना या घरचा शब्द त्या घरी नेई. ऐकणारा जितका वेळ ऐके, तितके डाळिंबाचे दाणे तिच्या वाटीत पडत.

मैना हुशार होत्या. भांडण लोक फार वेळ ऐकतात, हे त्यांनी ओळखले. मग त्या भांडणेच नेऊ लागल्या. मायेचे शब्द वाटेत दरीत टाकू लागल्या. दरीतून शाप उठला. ज्याचा शब्द पडला, तो दगड होऊ लागला. राजकन्या केतकी गळ्यापर्यंत दगड झाली.

राजा धवलकीर्ती गरजला, "मैनांच्या माना मुरगळा!"

"महाराज, दोष मैनांचा नाही. वाटी मी ठेवली," मंदारिका म्हणाली, आणि उपाय विचारायला काळ्या सुळक्यावरच्या म्हाताऱ्या मैनेकडे गेली.

"या, दाणेवाल्या बाई!" म्हातारी हसली. "एवढं राज्य जोडलंत. कुणाच्या घरी घोटभर पाणी तरी प्यायलात?"

"नाही."

"मग तीन कामं करा. घरोघर पाहुण्या व्हा. वाटी हलवा. तिसरं तुमचं तुम्हाला कळेल."

मंदारिका घरोघर गेली. एक आजोबा म्हणाले, "बाई, मैना माझं बोलणं तिकडे कसं सांगते, ते मला कधी कळतच नाही."

तिने वाटी ऐकणाऱ्याकडून काढून बोलणाऱ्याच्या खिडकीत ठेवली. आता मैना आधी त्याच्याच मनगटावर बसून त्याचा शब्द त्याला ऐकवी. कित्येकांनी आपलीच शिवी ऐकून ती मागे घेतली. शब्द कडू असो वा गोड, पोहोचवून परतल्यावर दाणे सारखेच.

तरी केतकी दगडच. तिसरे काम उरले होते. मंदारिकेचा हात गळ्यातल्या चांदीच्या शिट्टीकडे गेला. ती फुंकली की कुठलीही मैना कुठल्याही घरचे गुपित सांगे.

"ती मला दे," केतकीजवळ उभा राजा हात पुढे करून म्हणाला. "राज्य कसं चालवू?"

"महाराज, ती फुंकली की तुमच्याही घरचं सगळं बाहेर येतं."

राजाने हात मागे घेतला. मंदारिकेने शिट्टी दरीत फेकली. "यापुढे वाटी हलवायची, तर सगळ्या घरांना विचारून."

दरीतले शब्द धुक्यासारखे वर आले आणि मैनांच्या चोचीत शिरले. एक मैना केतकीची मैत्रीण रेवती हिच्या खिडकीत बसली.

"केतकी विचारते, जेवलीस का?"

रेवतीचे डोळे भरले. "नाही गं. तू ये, मग जेवू."

मैनेने निरोप आणताच दगड तडकला. घरोघरची दगडाची माणसे उठली, चुली पेटल्या. केतकीने अंगावरची खडी झटकली.

"आई, माझं ताट घेऊ नकोस. मी रेवतीकडे चालले."

आणि ती दरी उतरू लागली.